रोजच्या वापरासाठी लहान आणि परवडणारा लॅपटॉप कसा निवडावा

पंधरा ते चाळीस हजार रुपये हा लॅपटॉपच्या बाजारातला सगळ्यात अवघड पट्टा आहे. साठ-सत्तर हजार मोजणाऱ्याची निवड थोडी इकडेतिकडे झाली तरी त्याचं काम चालून जातं. कमी पैशांत मात्र एक चुकीचा भाग पदरात पडला की पुढची तीन-चार वर्षं रोज त्याचा जाच होतो. ब्राउझर उघडायला वेळ लागतो, अपडेटला जागा पुरत नाही, ऑनलाइन मुलाखतीच्या मधेच चित्र गोठतं. आणि या पट्ट्यात खरेदी करणारी माणसं बहुतेक पहिल्यांदाच लॅपटॉप घेत असतात: कॉलेजला निघालेली मुलगी, एमएस-सीआयटी करून घरून काम शोधणारी गृहिणी, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक. चुकलं तर लगेच दुसरा घेणं त्यांना शक्य नसतं. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 8 जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी), खरी एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) आणि फुल एचडी पडदा या तीन गोष्टींवर तडजोड करू नका. नव्या लॅपटॉपमध्ये त्या तुमच्या पैशांत बसत नसतील, तर स्वस्तातला नवा घेण्याऐवजी कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडलेला चांगला जुना लॅपटॉप घ्या. तो कसा ओळखायचा आणि कसा तपासायचा, हे पुढे सविस्तर येईल.

पहिली पायरी: कामं लिहून काढा

दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि लॅपटॉपवर तुम्ही नेमकं काय करणार ते लिहा. "अभ्यास" असं मोघम लिहू नका. "यूट्यूबवर लेक्चर बघत शेजारी वर्डमध्ये टिपणं काढणं", "एक्सेलमध्ये दुकानाचा हिशेब", "सीईटीचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरणं" असं लिहा. मग त्या यादीकडे पाहून एकच प्रश्न विचारा: यातलं असं काही आहे का, जे फक्त विंडोजवर चालतं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडची बरीच रोजची कामं विंडोजला बांधलेली आहेत. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. डीटीपीचं किंवा छपाईचं काम करणाऱ्यांना अजूनही श्रीलिपी लागते, तीही बहुधा विंडोजवरच. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरून जीएसटी किंवा टेंडरची कामं करायची असतील, तर त्याचा ड्रायव्हर आणि सही करणारं सॉफ्टवेअर यंत्रात बसवावं लागतं. यातलं एकही काम यादीत असेल, तर विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा आणि क्रोमबुकचा, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचा, विचार तिथेच सोडायचा.

सगळी कामं ब्राउझरमध्येच होणारी असतील, म्हणजे मेल, गूगल डॉक्स, व्हिडिओ, बँक, सातबारा काढणं, ऑनलाइन क्लास, तर क्रोमबुक चालेल. कमी ताकदीच्या यंत्रावरही ते झपाझप चालतं आणि त्याची देखभाल जवळजवळ नसतेच. फक्त एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. प्रत्येक क्रोमबुकला अपडेट मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. 2021 पासून आलेल्या यंत्रांना गूगल दहा वर्षं अपडेट देतं, पण ती वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजली जात नाहीत. त्या यंत्राचा मूळ हार्डवेअर आराखडा बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात. म्हणून सेटिंग्जमध्ये क्रोमओएसच्या माहितीच्या पानावर जाऊन ती तारीख स्वतः वाचा. जुनं क्रोमबुक स्वस्त मिळत असेल तर हे आधी बघा. पुष्कळदा तिथे वर्षभरच उरलेलं असतं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं सी किंवा पायथन शिकायला साधा लॅपटॉप पुरतो. अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचे असतील, मोठे व्हिडिओ जोडायचे असतील किंवा त्रिमितीय आराखडे काढायचे असतील, तर 16 जीबी रॅमच्या खाली बघू नका. ती खरेदी या लेखाच्या पट्ट्याबाहेर जाते.

दुसरी पायरी: किती लहान हवा?

लॅपटॉपचा आकार पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. बाजारात मुख्यतः 11.6, 13.3, 14 आणि 15.6 इंच असे आकार दिसतात.

11.6 इंचाचा लॅपटॉप सव्वा किलोच्या आसपास भरतो आणि कुठल्याही पिशवीत मावतो. पण त्यावर एक्सेलचे मोजकेच रकाने दिसतात आणि या आकारात स्वस्त, दुबळे प्रोसेसरच जास्त मिळतात. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसणाऱ्याने तो घेऊ नये. 13.3 आणि 14 इंच हे मला सगळ्यात समतोल आकार वाटतात. साधारण सव्वा ते दीड किलो वजन, पूर्ण मापाचा कीबोर्ड, आणि पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवता येतील एवढी जागा. विरार किंवा कर्जत लोकलमध्ये पाठीवरची बॅग पोटाशी धरून उभं राहायचं असेल, तर 14 इंचाच्या वर जाऊ नका.

दुकानदार 15.6 इंच पुढे करतील, कारण स्वस्त मॉडेलं त्याच आकारात भरपूर असतात. तुमचा लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल आणि हिशेबासाठी उजवीकडचा आकड्यांचा वेगळा कीपॅड हवा असेल, तर जरूर घ्या. एरवी नको. आणि वजन विचाराल तेव्हा चार्जर धरून विचारा. काही यंत्रं हलकी आणि त्यांचे चार्जर जड असतात.

तिसरी पायरी: माहितीपत्रक वाचायला शिका

प्रत्येक लॅपटॉपच्या जाहिरातीत आकड्यांची एक ओळ असते. त्यातले तीन आकडे कळले की निम्मं काम झालं.

रॅमपासून सुरुवात करू. विंडोज 11 नुसतं सुरू होऊन बसलं तरी दोन जीबीहून जास्त रॅम खातं. त्यात क्रोमचे आठ-दहा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल आला की 4 जीबीचं यंत्र गुदमरतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 साठी किमान गरज 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज एवढीच सांगितली आहे, आणि अगदी स्वस्त यंत्रं नेमकी तेवढीच भरून विकली जातात. त्या आकड्यावर विंडोज सुरू होतं, पण त्याच्यावर निवांत काम होत नाही. म्हणून 8 जीबी. शिवाय रॅम पुढे वाढवता येते का, हे विचाराच. काही यंत्रांत ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते, मग जी आहे तीच आयुष्यभर. काहींत एक मोकळा स्लॉट असतो. दुकानात चालू यंत्र असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते बहुतेक यंत्रांत तिथे लिहिलेलं दिसतं.

दुसरं स्टोरेज. इथे फसगत सगळ्यात जास्त होते. हार्ड डिस्कवाला लॅपटॉप तर आता घेऊच नका, मग ती 1 टीबीची का असेना. विंडोज 11 हार्ड डिस्कवर अक्षरशः रांगतं. दुसरा सापळा म्हणजे ईएमएमसी. मोबाइलच्या मेमरीसारखी ही चिप बोर्डवरच जोडलेली असते. तिच्या जोडणीची कमाल मर्यादाच सेकंदाला 400 एमबी आहे, आणि लहान लहान फायली उघडताना ती त्याहून कितीतरी मागे पडते. सॅटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडी सुमारे 550 पर्यंत जाते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची हजारांत. वेगापेक्षाही मोठी अडचण जागेची आहे. 64 जीबीच्या ईएमएमसीवर विंडोज आणि त्याची अपडेटं बसली की तुमच्या फायलींना जागाच उरत नाही, आणि काही महिन्यांनी अपडेट अडायला लागतं. ती चिप बदलताही येत नाही. जाहिरातीत नुसतं "128 जीबी स्टोरेज" लिहिलं असेल आणि "एसएसडी" हा शब्द नसेल, तर संशय घ्या. 256 जीबी एसएसडी रोजच्या कामाला पुरते. 512 मिळाली तर उत्तम.

तिसरा प्रोसेसर. याच्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात, आणि मला वाटतं तो वरच्या दोघांच्या मानाने कमी महत्त्वाचा आहे. तरी त्याचं नाव वाचता आलं पाहिजे. इंटेलच्या आय3, आय5, आय7 या शब्दांवर भाळू नका. त्यांच्या पुढचे आकडे वाचा, त्यात पिढी लपलेली असते. आय5-8350यू म्हणजे आठवी पिढी. आय5-10310यू म्हणजे दहावी. आकडा चारच अंकी असून 1 ने सुरू होत असेल, तर पहिले दोन अंक मिळून पिढी: आय5-1135जी7 अकरावी, आय3-1215यू बारावी. बारावीचा आय3-1215यू सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा गाभे असलेला आहे आणि आठव्या पिढीच्या ऑफिस लॅपटॉपांतल्या आय7 लाही तो सहज मागे टाकतो. "आय7 आहे" एवढंच ठासून सांगणारा विक्रेता बहुधा पिढी सांगायचं टाळत असतो.

आठवी पिढी ही लक्ष्मणरेषा समजा. विंडोज 11 ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. विंडोज 10 ची सर्वसाधारण मदत, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेटं, 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे ढीगभर लॅपटॉप आता बाजारात स्वस्तात येत आहेत आणि वाकड्या वाटेने विंडोज 11 टाकून विकले जात आहेत. ते चालतात, पण त्यांच्या पुढच्या अपडेटांची कुणी हमी देत नाही. असा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याच्या तयारीने घ्या. ते फुकट आहे, ब्राउझर आणि लिबरऑफिस त्यात आधीपासून असतात, आणि जुन्या यंत्रावर ते खरोखर सुरेख चालतं.

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या दुसऱ्या कंपनीत रायझन 7000 मालिकेचं नाव वाचताना तिसऱ्या अंकाकडे बघा, प्रोसेसरची आतली मांडणी किती नवी ते तो सांगतो. रायझन 3 7320यू मध्ये तिसरा अंक 2, म्हणजे झेन 2 ही जुनी मांडणी. रायझन 5 7530यू मध्ये 3, म्हणजे झेन 3. पहिला 7 पाहून दोन्ही सारखेच नवे वाटतात, पण ते तसे नाहीत. रोजच्या कामाला 7320यू सुद्धा पुरतो, फक्त त्याची रॅम बोर्डवरच जोडलेली असते, म्हणून 8 जीबीचाच घ्या. इंटेलचा एन100 हा चार कोअरचा छोटा प्रोसेसर हलक्या कामाला ठीक आहे. सेलेरॉन एन4020 आणि एन4500 हे दोनच कोअरचे. ते नवीन कोऱ्या डब्यात आले तरी टाळा.

चौथी पायरी: पडदा, आणि त्यावरची मराठी

माहितीपत्रकात पडद्याची बारीक माहिती फार कमी असते, आणि डोळे तर दिवसभर त्याच्याकडेच लागलेले असतात. दोन गोष्टी बघा: किती ठिपके आहेत आणि पॅनेल कसलं आहे.

1366 बाय 768 हा जुना, स्वस्त पडदा. 15.6 इंचावर तो इंचाला जेमतेम 100 ठिपके देतो. 14 इंचावरचा फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080, इंचाला सुमारे 157 देतो. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक एक वेळ खपतो. देवनागरीला तो खपत नाही. रफार, उकार, अनुस्वार, "ष्ट्र", "द्ध", "त्त" यांसारखी जोडाक्षरं कमी ठिपक्यांत एकमेकांत मिसळतात. मराठीतून पीडीएफ वाचणाऱ्या, टायपिंग करणाऱ्या, मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाने फुल एचडीच घ्यावा, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा आला तरी हरकत नाही. 11.6 इंचावर 1366 बाय 768 थोडा सुसह्य होतो, कारण तेवढेच ठिपके लहान जागेत दाटीने बसतात.

पॅनेलमध्ये आयपीएस हवं. टीएन पॅनेल समोरून बरं दिसतं, पण मान जरा खाली केली की रंग उलटे होतात. दुकानात तपासणं सोपं आहे. एखादी मराठी बातमी उघडा, सरळ बघा, मग खाली वाकून आणि बाजूला सरकून बघा. अक्षरं आणि रंग तसेच राहिले तर पडदा चांगला. उजेड 250 निट्स असेल तर घरात पुरतो, पण ओसरीवर किंवा खिडकीपाशी बसायचं असेल तर 300 च्या वरचा शोधा. चकचकीत पडद्यापेक्षा मॅट पडदा घ्या, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत नाही.

कीबोर्डबद्दल एवढंच: तिथेच उभं राहून तुमचं नाव, पत्ता आणि एक परिच्छेद टाइप करा. बटणं बोटांखाली दबतात का, मधला भाग खाली वाकतो का ते कळेल. बिजागरीसाठी झाकण एका कोपऱ्यातून उघडून बघा. स्वस्त प्लास्टिकच्या यंत्रांत पहिली मोडते ती बिजागरीच.

पाचवी पायरी: नवा की जुना

इथे थोडं थांबू, कारण पैसे वाचतात किंवा वाया जातात ते इथेच.

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. ते जुने लॅपटॉप मग लॉटमध्ये विकले जातात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसमध्ये, पुण्या-नागपूरच्या दुकानांत आणि ऑनलाइन "रिफर्बिश्ड" या नावाने पोचतात. ही यंत्रं मुळात महागडी होती आणि रोज दहा तास वापरली जाण्यासाठी बांधलेली होती. सांगाडा मजबूत, कीबोर्ड उत्तम, तळ उघडून रॅम किंवा एसएसडी बदलायची सोय, आणि सुटे भाग बाजारात सहज मिळतात. लिनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक या तीन मालिका ध्यानात ठेवा.

आठव्या पिढीतले लहान आकाराचे काही नेमके मॉडेल सांगतो. थिंकपॅड एक्स280 साडेबारा इंचाचा, फार हलका, पण त्याची रॅम बोर्डवर जोडलेली असते, म्हणून 8 जीबीचाच बघा. लॅटिट्यूड 7390 आणि एलिटबुक 830 जी5 हे 13.3 इंचाचे. थिंकपॅड टी480 14 इंचाचा, थोडा जाड, पण त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि मागची बॅटरी हाताने काढून नवी लावता येते. गावाकडे दिवसातून काही तास वीज जात असेल, तर ही सोय अमोल आहे: दुसरी बॅटरी चार्ज करून जवळ ठेवता येते.

अशा लॅपटॉपला 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडीसह साधारण पंधरा ते बावीस हजार पडतात. याच पैशांत नवा घ्यायला गेलात तर बहुतेक सेलेरॉन, 4 जीबी आणि ईएमएमसी मिळतं. दोन्ही शेजारी ठेवून एकाच वेळी पाच टॅब उघडून बघा, फरक सांगावा लागणार नाही. बजेट तीस-पस्तीस हजारांच्या वर जात असेल तर मात्र नवा घ्या, कारण तिथून 8 जीबी, 512 जीबी एसएसडी, फुल एचडी आणि वर्षभराची वॉरंटी एकत्र मिळू लागते. हे दर अंदाजे धरा. 2025 च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती जगभर चढल्या आहेत आणि लॅपटॉपचे भाव त्याबरोबर हलत आहेत.

जुना घेताना पुढच्या गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डगमगला किंवा टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असं यंत्र घेऊ नका, ते धोकादायक असतं.

बॅटरीचा अहवाल काढा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी", मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच "बॅटरीरिपोर्ट", हे इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते. तीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता दोन्ही असतात. आताची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. "बॅकअप चार तास आहे" या तोंडी शब्दाला काही किंमत नाही.

बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. सुरू होताना लिनोवोत एफ1, डेलमध्ये एफ2, एचपीत एफ10 दाबायचं. पासवर्ड मागितला तर यंत्र सोडून द्या. तिथे दिसणारा अनुक्रमांक आणि तळावरच्या स्टिकरचा अनुक्रमांक एकच आहे का तेही जुळवा.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी. विंडोज नव्याने सेट करायला सांगा आणि त्या वेळी इंटरनेट जोडा. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिच्या ऑफिसचा ईमेल मागितला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. आज कशीबशी वाट काढून दिली तरी उद्या रीसेट केल्यावर ते पुन्हा अडेल. शिवाय तो माल सरळ मार्गाने आला आहे का, हाही प्रश्न उरतोच.

बाकी पटापट: पांढरं पान उघडून पडद्यावर डाग आहेत का, प्रत्येक बटण उमटतं का, प्रत्येक यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह चालतो का, कॅमेरा आणि माइकवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकणं, वाय-फायचं 5 गिगाहर्ट्झ नेटवर्क दिसतं का. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर एसएसडीची तब्येत टक्क्यांत दाखवतं, तेही चालवून बघा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज सक्रिय आहे असं लिहिलेलं हवं.

सहावी पायरी: पैसे देताना

नवा घ्या किंवा जुना, अनुक्रमांक लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय दोन हजार कमी" हा सौदा जुन्या यंत्राच्या बाबतीत तर अजिबात करू नका. चोरीचा माल निघाला तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल. जुन्या यंत्राला दुकानाची निदान तीन ते सहा महिन्यांची वॉरंटी मागा आणि ती बिलावर लिहून घ्या.

नव्या लॅपटॉपच्या जाहिरातीत "डॉस" लिहिलं असेल तर त्यात विंडोज नसतं, ते वेगळं विकत घ्यावं लागेल. ऑफिस मिळत असेल तर ते कायमचं आहे की वर्षभराची वर्गणी, हे नीट वाचा. वर्षभराचं असेल तर त्याची किंमत धरूच नका, लिबरऑफिस फुकट आहे आणि वर्डच्या फायली त्यात उघडतात. "एस मोड" दिसला तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप्स चालतात, पण त्यातून फुकट बाहेर पडता येतं. परत आत जाता येत नाही, इतकंच.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र सेंटरला न्यायचं, हे विचारा. तुमच्या तालुक्यापासून जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही आधीच शोधा. सिंधुदुर्गातून किंवा गडचिरोलीतून दर वेळी मोठ्या शहराला चक्कर मारायची वेळ येणार असेल, तर घरपोच सेवेसाठी हजार-दीड हजार जास्त देणं परवडतं. ऑनलाइन घेतलात तर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. बिल हाताशी असेल तरच त्या तक्रारीला जोर येतो.

दसरा-दिवाळीचे सेल आणि जून-जुलैमधल्या शाळा-कॉलेजच्या ऑफर या दोन काळांत नव्याचे भाव खाली येतात. तुमची गरज आजची असेल तर त्यासाठी चार महिने थांबण्यात अर्थ नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी सगळी अपडेटं होऊ द्या. आधीपासून टाकलेला चाचणीपुरता अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज 11 सेट केलं, तर नव्या यंत्रांत डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. तिची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, त्या खात्यात जमा होते. तो ईमेल आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने सेट करून दिला असेल तर त्याच दिवशी आपल्या नावावर करून घ्या. तसं राहिलं आणि उद्या यंत्राने ती किल्ली मागितली, तर तुमच्या सगळ्या फायली दुसऱ्याच्या खात्यावर अवलंबून राहतील.

चार्जर तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन तोडू नका आणि दोन पिनांचा अडॅप्टरही लावू नका. धातूच्या लॅपटॉपला हात लावताच मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. बऱ्याच जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण आत तार जोडलेलीच नसते.

लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून चालवू नका. हवेची भोकं तळाला असतात आणि विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते. दिवसभर चार्जरला लावून काम करणार असाल, तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायॉसमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा. बॅटरी जास्त वर्षं टिकते.

आणि मराठी. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषेच्या पानावर मराठी ही भाषा जोडा. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी त्याबरोबर येते. इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने टाइप करायची सवय असेल, तर भाषेच्या पर्यायांत मराठी फोनेटिक कीबोर्डही जोडता येतो. तो 2019 पासून विंडोजमध्येच आहे, वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. आयुष्यात पहिल्यांदाच टायपिंग शिकणार असाल तर इन्स्क्रिप्टच शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी आहे आणि बोटं तिला लवकर सरावतात. बटणांवर अक्षरं छापलेली नसतात, म्हणून सुरुवातीला मांडणीचा एक छापील कागद पडद्याशेजारी चिकटवून ठेवा.